सातव्या ओळीतला तिसरा खड्डा

पळनियांडीनं जन्मभर खड्डे खणले. आठ फूट लांब, दोन रुंद, दोन खोल. रबराच्या झाडांच्या ओळींमध्ये, टेकडीला आडवे. पावसाचं पाणी माती घेऊन उतरायला लागलं की या खड्ड्यांत पडायचं, माती तळाला बसायची आणि पाणी शहाण्यासारखं पुढं जायचं. इस्टेटीवर त्यांना गाळखड्डे म्हणत. दिवसाला चार खड्डे आणि वर विडा चघळायला वेळ, असा त्याचा हात होता. केलादी इस्टेटीची टेकडी जागच्या जागी राहिली ती गोऱ्या साहेबामुळं नव्हे, आपल्यामुळं राहिली, असं तो चहाच्या टपरीवर सांगायचा. यात अतिशयोक्ती होती, पण फार नव्हती.

पुढं रबर गेलं, पामतेलाचे माड आले. मग माडही गेले आणि इस्टेटच विकली गेली. आता त्या टेकडीवर चौदा मजल्यांच्या तीन इमारती उभ्या राहणार होत्या. टेकडीवरचं पाणी कुठून न्यायचं आणि माती कशी अडवायची, याचा नकाशा करायचं काम ज्या कचेरीला मिळालं होतं, तिथं पळनियांडीचीच मुलगी इंजिनियर होती. कोगिला तिचं नाव.

"बापाचाच धंदा," तो टपरीवर म्हणाला. "फक्त ती कागदावर खणते. पाठ दुखत नाही."

"आणि तुमच्यासारखी बढाई मारत नाही," टपरीवाला म्हणाला. सगळे हसले. पळनियांडीही हसला. त्या दिवसांत त्याला कुणी काहीही म्हटलं तरी गोडच लागायचं.

एका रविवारी कोगिला सेरेंबान शहरातून घरी आली. जेवण झाल्यावर ताटं बाजूला सारून तिनं टेबलावर नकाशा पसरला. चार कोपऱ्यांवर लोणच्याची बरणी, मीठ, पंख्याचा रिमोट आणि स्वतःचा चष्मा ठेवला.

"अम्मा, ये इकडं. हे बघ. हा तुझा फणस."

अंजलै हात पुसत आली. कागदावर एक हिरवं वर्तुळ होतं. तिनं त्यावर बोट ठेवलं, मग घाईनं उचललं, जणू कागद ओला होता.

"आधीच्या नकाशात मोठी नाली सरळ फणसावरून जात होती," कोगिला म्हणाली, "आणि खाली झाडाच्या जागीच गाळाचं तळं. मी नाली वळवली. मॅनेजरशी दोन महिने भांडले. म्हणाला, एका फणसासाठी तीस मीटर जास्त काँक्रीट? मी म्हटलं, मुळं माती धरून ठेवतात, तुमच्याच फायद्याचं आहे. काहीबाही सांगितलं. पण फणस राहिला, अम्मा. माझा थोरला अण्णा आहे तिथंच राहणार."

अंजलैनं मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि तो हात तिथं पुष्कळ वेळ राहिला.

"मग तळं कुठं गेलं?" पळनियांडीनं विचारलं.

"हे काय, इथं. ओढ्याच्या अलीकडं, या खोलगट पट्टीत."

त्यानं वाकून पाहिलं. त्याला नकाशा वाचता येत नव्हता, पण टेकडी पाठ होती. ओढा, ओढ्यात उतरणारी दगडी मोरी, तिथून वर चढत जाणाऱ्या ओळी. कोगिलाचं निळं चौकोनी तळं बरोबर सातव्या ओळीवर बसलं होतं. तो तसाच वाकून राहिला.

"काय झालं अप्पा? चुकलंय काही?"

"नाही," तो म्हणाला. "छान काढलंयस."

फणसाखाली कुणीच नव्हतं. हे जगात फक्त पळनियांडीला ठाऊक होतं.

त्या गोष्टीला चाळीस वर्षं झाली होती. पहिला मुलगा अकरा दिवसांचा होऊन गेला. सोळाव्या दिवशी नाव ठेवायचं होतं, ते राहिलंच. एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. आणि बायका पुरायला जात नाहीत. अंजलै मजुरांच्या लाइनीतल्या खोलीत पडून होती. तिनं रबराचा चीक गोळा करायच्या चिनीमातीच्या वाटीत आपलं दूध काढून दिलं, ते लेकराच्या उशाशी ठेवायची लाइनीत रीत होती. तिच्या बापानं वाटी धरली आणि पळनियांडीनं मूल घेतलं. तमिळ लोकांचं दफनस्थान ओढ्यापलीकडं होतं, आणि तीन दिवसांच्या पावसानं ओढ्यावरचा लाकडी पूल वाहून नेला होता. दोघं फणसाखाली आले. तिथं वीतभर खाली मुळं आणि जांभा. फावडं आपटून आपटून ठिणग्या निघाल्या, खड्डा काही पडेना. संध्याकाळ होत आली. मूल कापडात भिजत होतं.

कुठली माती मऊ असते हे पळनियांडीला ठाऊक होतं. ते ठाऊक असणं हाच तर त्याचा धंदा. भरलेला गाळखड्डा लोण्यासारखा खणला जातो. आणि असं करणारा तो पहिला नव्हता. पूल गेला की लाइनीतले बाप गुपचूप सातव्या ओळीत जायचे. कुणी कुणाला विचारायचं नाही. ओढ्याच्या मोरीपासून सातवी ओळ, डावीकडून तिसरा खड्डा.

घरी आल्यावर अंजलैनं विचारलं, "कुठं ठेवलंत?"

गाळात, असं आईला कुठल्या तोंडानं सांगणार? "फणसाखाली," तो म्हणाला. "सावलीत." सासरा भिंतीकडं तोंड करून बसला होता. तो काही बोलला नाही आणि पुढं दोन वर्षांनी गेला.

तेव्हापासून अंजलै दर शुक्रवारी फणसाखाली दिवा लावत होती. इस्टेट बंद झाली, मजुरांना टेकडीखालच्या सपाटीवर बैठी घरं मिळाली, तरी ती चढण चढून जायची. कंपनीनं कुंपण घातल्यावर पहारेकऱ्याला मुरुक्कूच्या चकल्या देऊन आत जायची. झाडाशी बोलायची. घरातलं सगळं त्याला सांगायची, कोगिलाचे मार्क, नवऱ्याचं कुरकुरणं, शेजारणीचं भांडण. खरं सांगावं असं पळनियांडीला पहिल्या वर्षी वाटलं होतं. दुसऱ्या वर्षी जरा कठीण झालं. दहा वर्षांनंतर तो विषयच उरला नाही. खोटं बोलायला त्याला एक क्षण लागला होता. ते सांभाळायला सगळा जन्म गेला.

सोमवारी तो कोगिलाबरोबर टेकडीवर गेला. पिवळं हेल्मेट त्याला मोठं होत होतं, ते सारखं भुवयांवर येत होतं. उतारावर काळ्या कापडाची कुंपणं लावली होती, माती अडवायला. कापडाची खालची कड मातीत गाडलेली आहे ना, हे त्यानं सवयीनं पायानं दाबून पाहिलं. एका ठिकाणी नव्हती.

"इथून निसटेल," तो म्हणाला.

"बघितलंत? माझ्या पोरांना चार वेळा सांगितलं," कोगिला म्हणाली. "अप्पा, तुम्हालाच पगारावर ठेवते."

खोलगट पट्टीपाशी लाकडी खुंट्या ठोकल्या होत्या, त्यांना लाल फिती. त्या फितींकडं बघत तो म्हणाला, "हे तळं जरा तिकडं सरकवता नाही येणार?"

"कुठं?"

"कुठंही."

"कुठंही कसं? पाणी इथंच येतं. तुम्हीच शिकवलंत मला, पाण्याला जागा विचारायची, सांगायची नाही." ती हसत होती. "टेकडीवर फक्त दोन सखल जागा आहेत. एक फणसाची, एक ही. आणि तळं केलंच नाही तर सगळा चिखल खाली आपल्या घरांत. मागच्या नोव्हेंबरात काय झालं, आठवतंय ना? अम्माचा तांदळाचा डबा पाण्यात तरंगत होता."

त्याला आठवत होतं. त्यानं हेल्मेट काढलं आणि हातात धरलं. मग सांगून टाकलं. सांगायला फारसं काही नव्हतंच, चार वाक्यांत संपलं.

कोगिला तिथं पडलेल्या एका सिमेंटच्या नळावर बसली.

"बारावीच्या परीक्षेला जाताना मी त्या झाडाच्या पाया पडले होते," ती म्हणाली. "नोकरी लागली तेव्हाही. आणि दोन महिने... अप्पा, मी त्याला वाचवायला म्हणून नाली वळवली. वळवून त्याच्याच अंगावर आणली."

"तुला काय माहीत होतं?"

"मला नव्हतं. तुम्हाला होतं. मागच्या वर्षी मी विचारलं होतं तुम्हाला, जुने खड्डे कुठं कुठं होते. तुम्ही एकेक ओळ दाखवलीत. सातव्या ओळीला म्हणालात, तिथं काही नाही, पुढं चला."

गप्प बसण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

"शनिवारी मशीन येतंय," शेवटी ती म्हणाली. डोळे पुसून ती पुन्हा इंजिनियर झाली होती, आणि ते पाहून त्याला जास्तच वाईट वाटलं. "मी ते पुढच्या सोमवारपर्यंत थांबवते. जुना नकाशा पुन्हा पुढं केला तर तळं फणसावर येईल, झाड जाईल. नाहीतर हे असंच राहील. दोन्ही नाही वाचवता येत. कुठलं, ते अम्मा ठरवेल. आणि तिला तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार."

तो रोज सांगायचं ठरवत होता आणि रोज काहीतरी निघत होतं. शुक्रवार उजाडला. अंजलै ओसरीवर शेवग्याचा पाला निवडत बसली होती. तो झाला की अंघोळ करून दिवा लावायला जायची. पळनियांडी तिच्यासमोर जमिनीवर बसला. गुडघे दुखायला लागल्यापासून तो जमिनीवर बसत नसे, म्हणून तिनं वर पाहिलं.

त्यानं सांगितलं. फणसाखालचा जांभा, फावड्याच्या ठिणग्या, सातवी ओळ.

तिचे हात पाल्यात तसेच राहिले.

"खड्ड्यात?"

"भरलेला होता. मऊ होता, अंजलै. त्याला काही..."

"गाळात ठेवलंत."

"हो."

"मग मी कुणाशी बोलत होते?"

ती रडेल, असं त्यानं धरलं होतं. सूप फेकून मारेल, असंही धरलं होतं. ती पाला निवडत राहिली. शेवटची काडी संपली तेव्हा म्हणाली, "बापाला माहीत होतं माझ्या?"

"हो."

"मरताना माझा हात धरून सारखा ओढ्याकडं बघत होता तो. मला वाटलं, वात झालाय." तिनं सूप बाजूला ठेवलं. "चाळीस वर्षं. पाऊस पडला की मला वाटायचं, बरं आहे, वर झाड आहे, भिजत नाही तो. अहो, मी निवांत झोपायचे! तुम्ही शेजारी पडून ऐकत होतात."

"सांगायला हवं होतं मी."

"मग कशाला नाही सांगितलंत? मी काय तुम्हाला खाल्लं असतं? माझं लेकरू, आणि मलाच पत्ता चुकीचा!"

मग ती रडली. पोट धरून, ओरडून रडली. शेजारीण दारात आली आणि पळनियांडीनं हात हलवून तिला परत पाठवलं. त्याला जवळ जाऊ दिलं नाही अंजलैनं. पुष्कळ वेळानं तिनं तोंड धुतलं, आणि पाठमोरीच म्हणाली, "मला इतक्या वर्षांचा तोच फणस आहे. त्याला तोडू नका म्हणावं. आणि तुम्ही माझ्या लेकराला तिथं आणा. मशीन यायच्या आधी. जसं सांगितलं होतंत तसं करा एकदा."

त्या दिवशी ती दिवा लावायला गेली नाही.

शनिवारी सकाळी पळनियांडी फावडं घेऊन गेला. अडुसष्टाव्या वर्षी दिवसाला चार खड्डे कुठले, एकाच्याच आशेवर तो निघाला होता. पण मोजायचं कुठून? दगडी मोरी उखडून तिथं मोठे नळ टाकले होते. माड लावताना ओळी मोडल्या होत्या. त्यानं अंदाजानं मोरीची जागा धरली, पावलं टाकली, सातवी ओळ म्हणून एका जागी थांबला. मग मागं आला, पुन्हा मोजलं. या वेळी दुसऱ्याच जागी थांबला. इतकी वर्षं डोळे मिटून दाखवीन म्हणत होता, आणि आता उघड्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं.

मशीनचा चालक हर्योनो जावाहून आलेला होता. काम थांबलेलं म्हणून तो सावलीत सिगारेट ओढत बसला होता. म्हातारा तासभर काय करतोय हे बघून तो उठून आला.

"पाकचिक, काका, काय हरवलंय?"

"मुलगा," पळनियांडी म्हणाला.

हर्योनोनं आणखी काही विचारलं नाही. सिगारेट विझवली, ओंजळ तोंडापुढं धरून काहीतरी पुटपुटला आणि आपलं फावडं घेऊन आला. मातीचा रंग बदलतो तिथं खण, एवढंच पळनियांडीनं त्याला सांगितलं. बाजूची माती तांबडी असते, गाळाची राखाडी. दोन्ही अंदाजांच्या मधल्या पट्ट्यात ते दोन दिवस खणत राहिले. दर फावड्याची माती पळनियांडी बोटांनी चाळून बघायचा.

हाड सापडलं नाही. तिथली माती आंबट, ती काही ठेवत नाही. शनिवारी दुपारी एक वाटी सापडली. चिनीमातीची, चिकाची, आतून गाळानं गच्च भरलेली. त्यानं ती धुतली, उन्हात ठेवली, अंगोछ्यात गुंडाळली, आणि हर्योनोला म्हणाला, "झालं." पण उठून उभा राहिला तर हर्योनोच्या बाजूला आणखी एक वर आली होती. रविवारी तिसरी. चौथी त्याच्याच फावड्याखाली आली. काठाचा टवका उडाला, तो त्यानं वेचून सदऱ्याच्या खिशात टाकला, कारण त्या खड्ड्यात काहीही मागं ठेवायचं नव्हतं.

चार वाट्या. हातभर अंतरात. एकाच कारखान्यातल्या, एकाच मापाच्या, इस्टेटीनं हजारांनी घेतलेल्या. त्यानं त्या ओळीनं मांडल्या, उलट्या करून बघितल्या, जागा बदलून बघितल्या. बापानं ओळखायला नको? कुठल्याही वाटीनं त्याला ओळख दिली नाही.

सोमवारी सकाळी अंजलै फणसाखाली आली, कोगिलाचा हात धरून. तिनं लग्नातली पिवळी साडी नेसली होती. खालून मशीन सुरू झाल्याचा आवाज येत होता. हर्योनोनं ते जमेल तितकं हळू चालवलं होतं. फणसाच्या मुळांत पळनियांडीनं छिन्नी-हातोड्यानं जांभा फोडून वीतभर जागा केली होती. चाळीस वर्षांपूर्वी छिन्नी का सुचली नाही, हे त्याला रात्रभर खुपत होतं.

त्यानं अंगोछा उलगडला.

अंजलैनं मोजल्या. "चार?"

"लाइनीतल्यांच्या असतील. मुतम्माचा एक गेला होता. कंगाणी मुकादमाच्या सुनेचा. आणखी कुणाचा तरी."

"मुतम्मा मला म्हणाली होती, तिचा ओढ्यापलीकडं आहे." तिनं मान हलवली. "सगळ्याजणींना तेच सांगितलं की काय तुम्ही लोकांनी?"

पळनियांडी अंगोछ्यावरची माती झटकत राहिला.

"सगळ्यांना इथंच ठेवा," ती म्हणाली. "एकटा राहिलाय फार." मग खाली बसली, आणि शुक्रवारनंतर पहिल्यांदाच तिनं नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं. "यातला आपला कुठला?"

कोगिलानं चटकन बापाकडं पाहिलं. आदल्या संध्याकाळी त्यानं तिला सांगितलं होतं, की कळत नाही.

खरं सांगायचं, असं त्यानं शुक्रवारी स्वतःशी ठरवलं होतं. आता यापुढं काहीही झालं तरी खरं. अंजलैचा हात पुढं आलेला होता, तळवा वर करून. त्या हातावर त्याला काहीतरी ठेवायचं होतं.

"हा," तो म्हणाला, आणि हाताशी होती ती वाटी उचलून दिली.

तिनं ती पदरानं पुसली. आतून, बाहेरून, काठावरून बोट फिरवलं, आणि बोट एका जागी थांबलं.

"हो, हाच," ती म्हणाली. "टवका उडालेला होता. दूध काढताना माझ्या बोटाला लागला होता. मला आठवतंय." वाटी तिनं छातीशी धरली. "बघ कोगिला, मला आठवतंय."

कोगिलानं तोंड फिरवलं. ज्या जागी तिचं बोट होतं, ती कड अजून पांढरीस्वच्छ होती. पळनियांडीनं सदऱ्याच्या खिशावर हात ठेवला आणि म्हणाला, "हो. तेव्हाचाच आहे तो."